न कापलेल्या फळ्या

शनिवारी सकाळचा चहा संपेपर्यंत बाबांना शहरात न्यायचं की इथेच राहू द्यायचं, यावर चार माणसांची पाच मतं झाली होती. जास्तीचं मत ठोक्याचं. ठोक्या म्हणजे धाकटा. त्याच्याकडे लहानपणापासून दोन मतं तयार असायची, एक दादासमोर द्यायचं आणि एक ताईसमोर. आज दोघंही समोर बसल्यामुळे त्याची पंचाईत झाली होती आणि तो नुसता बिस्किटं खात होता.

बाबांचं मत कुणी विचारलं नव्हतं, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. दोन महिन्यांपूर्वी जिन्याची तिसरी पायरी मधोमध मोडली, बाबा खाली आले आणि त्यांचं डावं मनगट मोडलं. दूधवाला येईपर्यंत दीड तास ते जिन्याखाली पडून होते. पुढचे सहा आठवडे प्लास्टर सांभाळत त्यांनी दादाच्या शहरातल्या घरी काढले आणि प्लास्टर निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी "घर उघडून जरा वारं लागू देतो" असं सांगून सकाळची पहिली बस धरली. त्याला आठ दिवस झाले होते. घराला पुरेसं वारं लागलं होतं, पण हा माणूस परत यायचं नाव काढत नव्हता.

"मी सरळ सांगतो," दादा म्हणाला. "उद्या संध्याकाळी मी निघणार. तोपर्यंत एकतर हा जिना माणसानं चढण्यासारखा झालेला असेल, नाहीतर बाबा गाडीत बसलेले असतील."

"मग सुतार बोलाव ना," ताई म्हणाली. "एका दिवसाचं काम आहे."

"सुतार कशाला?" बाबा दारातून म्हणाले. ते अंगणात असल्याची सगळ्यांची समजूत होती. "या घराला डॉक्टर सोडला तर बाहेरचा हात लागलेला नाही. तिघं आहात ना?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिघं होते खरे, पण या घरात तिघांनी मिळून शेवटचं काम केलं त्याला सतरा वर्षं झाली होती.

वहिनी कप गोळा करत होती. या घरात येऊन तिला वीस वर्षं झाली, तरी इथली एक गोष्ट तिला अजून नवलाची वाटायची. तिच्या माहेरी खिळा ठोकायचा तर वडील ठोकायचे. इथे एक खिळा ठोकायला तीन माणसं लागायची.

त्याचं कारण बाबांची नोकरी. बाबांनी चौतीस वर्षं धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर काढली. तिथला नियम असा, की तोलणाऱ्यानं लिहायचं नाही आणि लिहिणाऱ्यानं तोलायचं नाही. एकाची चूक दुसऱ्याच्या हाताखालून जाते आणि तिथेच सापडते. बाबांना तो नियम इतका पटला, की तो त्यांनी घरी आणला आणि लाकडाला लावला. खूण करणाऱ्यानं कापायचं नाही. कापणाऱ्यानं आधी स्वतः मोजायचं, आणि माप जुळलं नाही तर मोठ्यानं म्हणायचं, "खूण चुकली." त्यावर वाद घालायचा नाही, रागवायचं नाही, पुन्हा खूण करायची.

म्हणून दर रविवारी अंगणामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिला घरात कारखाना म्हणत, दादा खूण करायचा, ताई कापायची आणि धाकटा ठोकायचा. बाबा नुसते मध्ये उभे राहून फळी कुणाच्या हातात द्यायची ते बघायचे. आई बाहेरून ओरडायची, की जेवण झाकून ठेवलं तरी त्यात भुसा पडतोय. या घरातलं एक स्टूल, एक झडप, एक कपाट असं नव्हतं जे तिघांच्या हाताखालून गेलं नाही. आणि त्याचा परिणाम असा झाला, की तिघंही मोठे झाले ते एकतृतीयांश सुतार होऊन. दादाला आजही सरळ कापता येत नाही. ताईला खूण करताना घाम फुटतो. ठोक्या फर्निचर विकतो, तेही पेटीतून सुटं येणारं आणि गिऱ्हाइकानं घरी जोडायचं. "मला ठोकायचंसुद्धा आता गिऱ्हाईक देत नाही," असं तो सांगतो.

*

कारखान्याच्या दाराला कुलूप नव्हतं, पण ते खाली घासत होतं. ताईनं खांदा लावून ते उघडलं. आत तोच वास होता. तेल, भुसा, उन्हानं तापलेला पत्रा. ती आठ वर्षांची असताना जशी थबकायची तशी ती उंबऱ्यावर थबकली. तेव्हा बाबा आत बोलावेपर्यंत थांबायचं असायचं. आता कोण बोलावणार म्हणून ती आपली आपण आत गेली.

करवत खिळ्याला टांगलेली होती. तिनं पात्यावरून बोट फिरवलं. पात्याला ताजं तेल होतं. सतरा वर्षं कुणी न वापरलेल्या करवतीला बाबा तेल लावत आले होते.

मग तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. भिंतीला टेकून फळ्या उभ्या होत्या. वीस असतील, बावीस असतील. प्रत्येक फळीवर पेन्सिलची रेघ होती, गुण्या लावून ओढलेली, काटकोनात. रेघेशेजारी बाबांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं. मागची खिडकी. देव्हाऱ्याखालचा कप्पा. न्हाणीघराचं दार, खालची पट्टी. ठोक्याच्या पोरीला स्टूल. प्रत्येकीवर खूण होती, आणि एकही कापलेली नव्हती.

तिनं एकेक फळी पुढे ओढून पाहिली. काही रेघा धुळीखाली पुसट झाल्या होत्या. सर्वात मागच्या फळीवर लिहिलं होतं: तिसरी पायरी.

"सापडली का करवत?" बाबा मागे येऊन उभे राहिले होते.

"बाबा, ही फळी कधीची?"

"कुठली? ती होय. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षीची. तेव्हाच ती पायरी कुरकुरायला लागली होती."

आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. ताईनं मनातल्या मनात आकडा काढला आणि तिला तो नको होता.

"पाच वर्षं तुम्हाला माहीत होतं पायरी जाणार आहे?"

"जाणार म्हणजे, कधीतरी जाणार. लाकूड आहे."

"मग कापली का नाहीत? करवत समोर आहे, तेल लावलेली आहे."

बाबांनी तिच्याकडे जरा आश्चर्यानं पाहिलं. "खूण मी केली होती ना," ते म्हणाले.

पाच वर्षांत ताई इथे दहा-बारा वेळा तरी आली होती. सकाळी यायची, संध्याकाळी जायची. औषधं आणायची, चादरी धुवायची, फ्रिज भरायची. दवाखान्याच्या औषधखिडकीवर दिवसभर उभं राहणारी बाई, तिला सुट्टीत बसावंसं वाटायचं. कारखान्यात ती एकदाही आली नव्हती.

"मला सांगायचं तरी," ती म्हणाली.

"काय सांगायचं? तू दमून यायचीस. म्हटलं, येईल तिचं तिला मनात." बाबांनी फळीवरची धूळ बाहीनं पुसली. "घाई नव्हती."

*

दुपारी जेवणं झाल्यावर ताईनं ठोक्याला अंगणात गाठलं आणि सांगितलं, की बाबांना इथे ठेवण्यात अर्थ नाही.

ठोक्याच्या हातून बडीशेपेची डबी पडायची राहिली. "अगं, काल फोनवर तूच म्हणालीस ना, की दादाला विरोध करायचा. मी विरोधाची तयारी करून आलोय."

"काल मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

तिनं त्याला फळ्यांचं सांगितलं. ठोक्यानं डबीचं झाकण लावलं आणि विचारलं, "माझ्या पोरीचं स्टूल खरंच आहे त्यात?"

"आहे."

"ती कॉलेजला गेली, ताई."

घरात पंख्याखाली दादा जिन्याच्या कामाची यादी करत बसला होता, आणि वहिनी त्याच्या समोर भांडी पुसत होती. तिला दोघांचं बोलणं खिडकीतून ऐकू आलं होतं. खरं तर तिनं यात तोंड घालायचं नाही असं ठरवलं होतं. सून बोलली की ती सासऱ्याला टाळते म्हणतात, आणि नाही बोलली की नवऱ्याला फूस लावते म्हणतात. पण यादीतली सतरावी ओळ लिहिताना दादा म्हणाला, "हे काही दोन दिवसांत होत नाही. न्यायचंच त्यांना," तेव्हा तिनं ताट खाली ठेवलं.

"अहो, एक विचारू?"

"विचार."

"आपल्याकडे होते तेव्हा ते दिवसभर काय करायचे, तुम्हाला माहीत आहे?"

"आराम करायचे. पेपर वाचायचे."

"एका हातानं सगळ्या घराचे स्क्रू घट्ट करायचे. पहिल्या आठवड्यात नळ झाले, दुसऱ्यात कपाटांच्या कड्या झाल्या. मग काही उरलं नाही. एक दिवस मी दुपारी लवकर आले, तर ते आपल्या बेडरूमच्या दाराची बिजागरी ढिली करत होते."

"ढिली?"

"ढिली. मी बाहेरच थांबले. पूर्ण ढिली केली, दार जरा लोंबलं, मग त्यांनी बसून ती परत घट्ट केली. त्यात तासभर गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच." वहिनीनं ताट परत उचललं. "मी तुम्हाला सांगितलं नाही. त्यांना लाज वाटली असती."

दादा यादीकडे बघत राहिला. त्याला ते दार आठवलं. मध्यंतरी ते कधी करकरायचं, कधी नाही, आणि त्यानं बिल्डरला शिव्या घातल्या होत्या.

"तू म्हणतेस ठेवायचं इथे?"

"मी काही म्हणत नाही. खोली मी मनापासून तयार केली होती, अजूनही आहे. पण खोलीत माणसानं करायचं काय, ते मला सुचलेलं नाही."

*

रविवारी सकाळी आठ वाजता पाचही जण कारखान्यात होते. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता. ठोक्यानं मोडकी पायरी उचकटून काढली होती आणि जिन्याच्या दोन बाजूंच्या खाचा साफ केल्या होत्या. पायरी त्या दोन खाचांत बसवायची, मग वरून स्क्रू.

"खूण तयार आहे," बाबा म्हणाले. "कापायचंच बाकी आहे."

ताईनं ती फळी बाकावर आडवी घातली आणि गुडघा टेकला. करवत हातात आली आणि मनगटाला सगळं आठवलं, बोटं कुठे, कोपर कुठे. इतक्या वर्षांत तिनं कात्री आणि सुरीपलीकडे काही हातात धरलं नव्हतं. क्षणभर तिला इतकं बरं वाटलं, की काल काय ठरवलं तेही ती विसरली.

"आधी मोज," बाबा म्हणाले.

ती टेप घेऊन जिन्याकडे गेली. खाच ते खाच मोजलं. परत येऊन फळी मोजली. मग पुन्हा जिन्याकडे गेली. कारखान्यातल्या चौघांना तिची पावलं दोनदा जाताना आणि दोनदा येताना ऐकू आली.

खूण दोन बोटं आखूड होती. त्या रेघेवर कापली असती, तर पायरी एका बाजूच्या खाचेत जेमतेम टेकली असती आणि पहिल्या पावलाला निसटली असती. रेघ काटकोनात होती, हात कुठे थरथरलेला नव्हता. फक्त आकडा चुकला होता. बाबांनी टेपवरचा आकडा चुकीचा वाचला होता, तोही पाच वर्षांपूर्वी.

"मोजलंस?"

"हो."

"मग?"

ताईनं फळीकडे पाहिलं. तोंड उघडलं तर दादाच्या हातात आयतं कोलीत मिळणार होतं. खरं तर कालपासून तीही दादाच्याच बाजूची होती, पण बाबांना असं सगळ्यांसमोर उघडं पाडून तिला जिंकायचं नव्हतं.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

"मग काप."

करवत रेघेवर ठेवून ती तशीच बसून राहिली. ठोक्याला काही कळेना. वहिनीला कळलं, पण बोलायचं कुणी ते तिला ठरवता येईना. दादा पुढे आला, त्यानं ताईच्या हातातून टेप घेतला आणि फळी मोजली. मग जिन्याकडे जाऊन आला.

"खूण चुकली," तो म्हणाला. नेहमी जसं म्हणायचं असतं, तसं मोठ्यानं.

"कोणत्या बाजूला?" बाबांनी विचारलं.

"आखूड. दोन बोटं."

बाबांनी फळीवर हात ठेवला. रेघेवरून अंगठा फिरवला, जणू आकडा तिथे लिहिलेला होता. "मग बरं झालं कापली नाही," ते म्हणाले. मग त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि बाकावर ठेवली. "किती वाजता निघायचं म्हणालास? माझी पिशवी भरलेलीच आहे, सोडलीच नव्हती."

हवं होतं ते असं अलगद हातात पडलं, की माणसाला ते धरवत नाही. ताई उठून बाबांच्या जवळ गेली. "चला बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "माझ्याकडे चला हवं तर. मी एवढ्या वेळा आले आणि एकदाही या दारात डोकावले नाही. मला आता भीती वाटते तुम्हाला इथे ठेवायची."

"ताई, थांब जरा," दादा म्हणाला.

"काय थांब? तूच म्हणत होतास ना?"

"म्हणत होतो." दादानं पेन्सिल उचलली. "बाबा, पुढच्या खोलीच्या खिडकीची झडप आठवते? मी अकरा वर्षांचा होतो."

"आठवते."

"पहिल्यांदा खूण केली. ही म्हणाली, चुकली. तेव्हा ही केवढी होती, सात वर्षांची. मला असा राग आला होता. दुसऱ्यांदा केली, चुकली. तिसऱ्यांदा केली, तरी चुकली. मी पेन्सिल खाली टाकून म्हटलं, मला येत नाही, ठोक्याला द्या."

"मला?" ठोक्या म्हणाला. "मी तर चालायला शिकत होतो."

"तुम्ही काय केलंत ते आठवतं?"

बाबांनी मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही.

"पुसलीत आणि पेन्सिल परत माझ्या हातात दिलीत. तीनदा. चौथ्यांदा ही काही बोलली नाही, तिनं कापायला घेतली. मी त्या दिवशी जेवलो नाही, इतका आनंद झाला होता." दादा जरा थांबला. एवढं बोलायची त्याला सवय नव्हती. "माझी खूण चुकली म्हणून तुम्ही मला कारखान्यातून बाहेर काढलं नाहीत. मग तुमची एक चुकली म्हणून मी तुम्हाला घरातून कसा काढू?"

"एक नाही रे," बाबा हळू म्हणाले. "त्या बावीस आहेत. सगळ्याच चुकल्या असतील."

"मग सगळ्या पुन्हा मोजू. त्यासाठीच तर आपण तिघं लागतो."

ताई डोळे पुसत म्हणाली, "तू काल यादी करून सांगितलंस, की दोन दिवसांत होत नाही."

"होत नाहीच. दर पंधरा दिवसांनी रविवारी यायचं. मी येणार, तू येणार. ठोक्या येणार की नाही?"

ठोक्यानं एकदा दादाकडे आणि एकदा ताईकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा दोघांसमोर एकच उत्तर द्यायचं होतं. "येणार," तो म्हणाला. "पण मला ठोकायला द्या. मोजायला लावू नका."

*

पायरी दुपारी दोनच्या आत बसली. दादानं पेन्सिल परत बाबांच्या हातात दिली, बाबांनी नवी रेघ ओढली, आणि ताईनं मोजून ती न खाता कापली, रेघेच्या केसभर बाहेरून, जसं इथे कापायचं असतं. ठोक्यानं एकेका स्क्रूला साबण लावून तो आत घातला आणि प्रत्येक स्क्रूनंतर पायरीवर उभा राहून उड्या मारल्या, जोवर वहिनी म्हणाली नाही की आता पुरे. बाबा खुर्ची ओढून बघत बसले होते. त्यांच्या सदऱ्यावर भुसा पडला होता आणि तो ते झटकत नव्हते.

कठड्याची कल्पना वहिनीची. जिना भिंतीलगत होता आणि धरायला काहीच नव्हतं. कारखान्याच्या आढ्यावर एक गोल दांडी कित्येक वर्षं पडून होती, ती ठोक्यानं खाली काढली. आता फक्त भिंतीवर खुणा करायच्या होत्या.

"तुझ्या उंचीला लाव," बाबा दादाला म्हणाले.

"वापरणार तुम्ही आहात."

"मी अशी किती वर्षं वापरणार? दांडी लाकडाची आहे, पन्नास वर्षं टिकेल. तू निवृत्त होऊन इथे येशील तेव्हा तुझे गुडघे माझ्यासारखेच होणार आहेत. आपल्याकडे सगळ्यांचे होतात. मग पुन्हा कोण उखडत बसणार?"

वहिनीनं दादाकडे पाहिलं. महिन्याभरापूर्वी दादानं ओळखीतल्या एकाशी हे घर भाड्यानं द्यायचं बोलून ठेवलं होतं. ही गोष्ट त्या दोघांनाच ठाऊक होती. दादा खाली बघून टेप गुंडाळत राहिला. बाबांनी त्याला या घरात म्हातारा झालेला आधीच पाहून ठेवला होता, आणि त्याला स्वतःला ते कधी सुचलंही नव्हतं.

"माझी वेळ आली की मी वर चढवून घेईन," तो म्हणाला. "आज तुमच्या उंचीला लागणार. या इकडे."

बाबा उठले आणि पहिल्या पायरीवर उभे राहिले. छाती पुढे, मान वर, गोदामात वजन तपासणारे साहेब यायचे तेव्हा उभे राहायचे तसे. डावा हात त्यांनी भिंतीवर टेकवला.

"असे नाही," दादा म्हणाला. "रोज उभे राहता तसे."

"रोज असाच उभा राहतो मी."

पेन्सिल भिंतीजवळ धरून दादा थांबला. ताई आणि ठोक्याही थांबले. घाई कुणालाच नव्हती, संध्याकाळचं निघणंसुद्धा कुणाच्या डोक्यात नव्हतं.

बाबांनी थोडा वेळ तग धरला. मग त्यांनी श्वास सोडला आणि त्याबरोबर खांदे खाली आले. पाठीला तिचा बाक आला, मान पुढे झुकली, आणि भिंतीवरचा हात घसरत घसरत चार बोटं खाली येऊन थांबला. आई गेल्यापासून त्यांनी हे मुलांना कधी बघू दिलं नव्हतं. मुलं आली की ते दारातच ताठ उभे असायचे, आणि गाडी वळेपर्यंत तसेच असायचे.

"हं," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "आता कर."

दादानं त्यांच्या तळव्याखाली रेघ ओढली, आणि त्यांनी हात काढावा म्हणून मुळीच घाई केली नाही.